ऐकल्याचं तिकीट

"पडदा आमी बघितला न्हाई. म्हंजी अर्धं तिकीट. फाडा."

सकाळची वेळ. तंबूतल्या सिनेमाचा मालक दोरीवर लुंगी वाळत घालत होता आणि आमचे घरमालक त्याच्यासमोर पैसे धरून उभे होते. मी शेजारी. धरणीनं पोटात घेतलं तर बरं, अशी माझी अवस्था.

"कसलं तिकीट?" त्यानं विचारलं.

"कालच्या खेळाचं. आमचं माळवद तुमच्या कनातीला लागून हाय. जेवताना समदा सिनेमा कानावर पडला. गानी, रडनं, मारामारी, समदं. मी एक, मंडळी एक, आन् हे मास्तर."

"मी?" मी ओरडलोच. "अहो मालक, मी वह्या तपासत होतो!"

"दोनदा हसलात. म्या बघितलं."

सिनेमावाल्याला आधी वाटलं हा माणूस चेष्टा करतोय. मग वाटलं सरकारी माणूस असावा, काहीतरी सापळा लावतोय. शेवटी हात जोडून म्हणाला, "बाबा, उभ्या जन्मात ऐकल्याचं तिकीट कुणी काढलेलं नाही. तुम्ही घरी जा." मालक हलेनात. बाजूला माणसं जमायला लागली तेव्हा कुठे त्यानं तीन अर्धी तिकिटं फाडून दिली. मालक ती टोपीत खोचून असे निघाले, की जणू पुतण्याचं लग्न जमवून निघालेत!

हे आमचे मालक. तिसगावच्या हायस्कुलात मला नोकरी लागली तेव्हा यांच्या माडीवर मी खोली घेतली. मी कोल्हारचा, प्रवरेच्या काठचा. उसाच्या हिरव्या रानातून उठून त्या कोरड्या मुलखात आलो, तेव्हा दोन दिवसांत पळून जायचा विचार होता. राहिलो तो या माणसामुळे. म्हणजे त्यांच्या प्रेमामुळे वगैरे नव्हे हो. आता उद्या हा माणूस काय करतो, ते बघायला राहिलो.

धंदा लाऊडस्पीकरचा. खाली दुकान, वर घर. दोन कर्णे, एक मशीन, बॅटऱ्या आणि तबकड्यांची पेटी. अंगानं उंच, आवाजानं त्याहून उंच. लग्नात तबकडी लावायच्या आधी हे माईक हातात घ्यायचे आणि तबकडीवरचं सगळं वाचायचे. गाणं कुणी म्हटलं, चाल कुणी लावली, शब्द कुणी जुळवले, पाठीमागं साथ कुणाची. वाचन अडखळत, एकेक अक्षर लावत. इकडे वऱ्हाडी पंगतीला बसलेत, नवरदेव घामाघूम झालाय, आणि हे आपले वाचतायत. कुणीतरी ओरडायचं, "अहो, लावा आता!"

"कुनाचं खाताय ते तरी ऐकून घ्या!" मालक माईकमधूनच सुनवायचे. गावभर ऐकू जायचं.

"फुकाचं कानाला लागत न्हाई," हे त्यांचं पालुपद. मालकीणबाई फार गोड आणि फार तिखट. त्या मला म्हणायच्या, "मास्तर, गूळ घेताना चव बघायला खडा देतात ना, त्येचं बी पैसं द्यायला निघत्यात हे! गूळवाला मला हात जोडतो, म्हनतो, वहिनी, यास्नी बाजारात नका आनत जाऊ."

आता माझा नातू कालच लागलेला सिनेमा आज मोबाईलवर फुकट उतरवून घेतो. वर मलाच ऐकवतो, "आजोबा, सगळेच घेतात." त्याला मालकांबद्दल सांगायला बसलो की तो कानात इयरफोनच्या बोंड्या घालतो. म्हणून इथे लिहितोय. कुणीतरी ऐका!

त्या वेळी घरात रेडिओ असला तर पोस्टात वर्षाचं लायसन काढावं लागायचं. काढत कोण होतं! तपासनीस आलाय अशी कुणकुण लागली, की आमच्या गल्लीतले रेडिओ पटापट कणगीत, पेटीत, एकदा तर पाळण्यात बाळाच्या उशाला गेलेले मी या डोळ्यांनी पाहिलेत. गल्ली अशी चिडीचूप, की कुणाच्या घरी मयत झालंय असं वाटावं. आणि आमच्या ओट्यावर मात्र रेडिओ ठणाणा! मालकांनी लायसन तिथेच दगडाखाली ठेवलेलं. तपासनीस खूश झाला, चहा प्यायला आणि हळूच म्हणाला, "तुमच्यासारखा माणूस नाही बघा. आता या गल्लीत आणखी कुणाकुणाकडे आहे, तेवढं सांगा."

"मी माझं सांगितलं," मालक म्हणाले. "दुसऱ्याचं त्येच्या दारात जाऊन इचारा. मी काय पोलीसपाटील हाय व्हय?"

तपासनीस हात हलवत गेला. गल्लीनं सुटकेचा नि:श्वास टाकला, पण मालकांना कुणी धन्यवाद दिले असतील तर शपथ! उलट शेजारी आठवडाभर कुरकुरत होता, की तुमचा रेडिओ ऐकून माझ्या पाळण्यातला पोरगा उठला.

पण या वेडाची झळ दुसऱ्यांनाही लागायची, ते लपवण्यात अर्थ नाही. एका लग्नात नवरीनं हौसेनं एक गाणं लावायला सांगितलं. मालकांकडं ती तबकडी नव्हती. नवरीच्या मामानं पाथर्डीहून दुसऱ्या लाऊडस्पीकरवाल्याकडून तासाभरासाठी ती मागून आणली. मालक ती लावेनात. "उसनी तबकडी माझ्या मशीनवर वाजनार न्हाई. मी धंदा करतो. त्येनं इकत घेतली ती त्येच्या धंद्यासाठी." नवरी रडली हो! हळदीच्या अंगानं मांडवात बसून रडली. मी त्या दिवशी मालकांना नाही नाही ते बोललो. तुम्ही माणूस आहात की दगड, इथपर्यंत गेलो. पुढच्या आठवड्यात मालकांनी नगरला जाऊन तीच तबकडी विकत आणली, आणि त्या पोरीच्या सासरच्या गावी मशीन घेऊन जाऊन दिवसभर वाजवून आले. गाडीभाडं पदरचं. सासरच्यांनी विचारलं, हे काय? म्हणाले, "राहिलेलं काम हुतं."

आता मुख्य गोष्ट शाहिराची.

बाजाराच्या दिवशी तिसगावात एक शाहीर यायचा. कुठून कुठून पायी यायचा, बरोबर बायको. लिंबाखाली सतरंजी टाकायची, डफावर थाप मारायची आणि स्वतः रचलेलं गाणं म्हणायचं. गाणं म्हणजे अख्खी गोष्ट असायची. माणसं भाजीच्या पिशव्या खाली ठेवून घोळका करायची. आणि गोष्ट अगदी ऐन मोक्यावर आली, की हा पठ्ठ्या थांबायचा! डफ काखेत, हात वर: "पुढलं चोपडीत हाय, पाव्हनं! घ्या चोपडी!" बायको छापील चोपड्या घेऊन घोळक्यात शिरायची. आठ पानांची, पिवळ्या कागदाची चोपडी. तिच्यात सगळं गाणं, आणि शेवटच्या कडव्यात शाहिरानं आपलं नाव गुंफलेलं. शेवट कुठेही असाच म्हणायचा नाही, हा त्याचा नेम. पोट त्या शेवटावरच होतं. जत्रेत मानाची सुपारी मिळाली, तर तेवढ्या एका दिवशी अख्खं गाणं स्टेजवर.

त्या साली त्यानं नवं गाणं आणलं. प्रवरेला पूर आलाय, माहेराहून निघालेली बाई तान्ह्या लेकराला घेऊन बैलगाडीत, आणि गाडी पात्राच्या मधोमध. काय गाणं होतं! मी प्रवराकाठचा माणूस, माझ्या तर अंगावर काटा. "बैलाचा पाय सुटला न् गाडी फिरली धारंला" इथं आला आणि थांबला! घोळका कळवळला. पण दुष्काळाचं साल, माणसं दिवसभर खडी फोडून आलेली. कोण चोपडी घेणार? मालकांनी घेतली. मी म्हटलं, चला, रात्री मालकांची घेऊन वाचू.

"मिळनार न्हाई," मालक म्हणाले. "तुमची तुमी घ्या."

आता हा माणूस एरवी कसा? मला ताप आला तेव्हा स्वतःची घोंगडी माझ्यावर टाकून आपण गोणपाटावर निजलेला. सायकल तर माझीच असल्यासारखी मी वापरायचो. आणि आठ पानांची चोपडी देईना! माझं डोकं फिरलं.

"मालक, अहो गाणं म्हणजे काय भाकरी आहे का? एकानं खाल्ली की दुसऱ्याला उरत नाही? तुम्ही वाचलंत, मी वाचलं, शाहिराचं काय कमी झालं?"

"भाकरी उरत न्हाई," मालक म्हणाले, "म्हनून लोक परत थापनारनीकडं जात्यात. गानं उरतं. म्हनून ज्येनं केलं तो उपाशी ऱ्हातो."

"आणि ज्याच्याकडे पैसेच नाहीत त्यानं काय करायचं? गरिबानं गाणंच ऐकायचं नाही?"

मालकांनी दाढी खाजवली. मग म्हणाले, "ते शाहिराला इचाराया पायजे." आणि दिवा मोठा करून चोपडीतलं एकेक अक्षर लावत बसले. बरं, शाहिरावर यांचं प्रेम होतं म्हणावं तर तेही नाही. "आवाज घोगरा हाय त्येचा," म्हणायचे. "पर माल सोताचा हाय."

चैत्रातली जत्रा आली. लाऊडस्पीकरचं काम दरसाल मालकांचं. वर्षातलं सगळ्यात मोठं काम ते. पंच घरी आले. थोरले पंच म्हणाले, "यंदा दुष्काळ. शाहिराला सुपारी द्याची न्हाई असं ठरलंय. पर लोकांला गानं तर पायजे. तुमी एक टेपरेकॉर्डर भाड्यानं आना. तो बाजारात म्हनंल तवा भरून घ्या, आन् जत्रेत लावा. आयतं काम."

मालक उठून उभे राहिले. "त्येचं गानं, त्येलाच जत्रंबाहेर ठेवून वाजवू?"

"अरं, त्याला काय कळतंय!"

"मला कळतंय की."

पंचांनी समजावलं, मालकीणबाईंनी आतून भांडं आपटलं, मी खुणा केल्या. ऐकतील तर मालक कसले! काम गेलं. पाथर्डीचा लाऊडस्पीकरवाला आला. तरुण पोरगा, बेलबॉटम घातलेला, बोलायला मधाळ. त्यानं दुसऱ्याच बाजाराला टेपरेकॉर्डर पिशवीत लपवून शाहिराचं गाणं भरूनही घेतलं. मालकीणबाई तीन दिवस नवऱ्याशी बोलल्या नाहीत, आणि त्यांचं चुकलं असं मला अजिबात वाटलं नाही. वर्षाचा धंदा होता तो.

जत्रेच्या दिवशी दुपार कलली. कुस्त्यांचा हगामा भरायचा होता. मैदानाभोवती माणसं गोल बसलेली, सगळी पंचक्रोशी लोटलेली. टेबलावर टेपरेकॉर्डर, त्याला झेंडूचा हार! लिंबावर दोन कर्णे. पोरानं बटण दाबलं, दोन चकत्या गरगर फिरायला लागल्या आणि शाहिराचा आवाज सगळ्या मैदानावर घुमला. खोटं कशाला बोलू, भारी वाटलं! बायका पदर डोळ्याला लावायला लागल्या. मी मालकांकडे वळून म्हटलं, "ऐकताय ना?"

ते हललेच नाहीत. बघतो तर काय, दोन्ही कानांत कापसाचे बोळे! फुकटचं ऐकायचं नाही म्हणून हा माणूस भर जत्रेत कान बंद करून बसलेला!

तेवढ्यात मला बांगड्यांच्या दुकानांपलीकडे शाहीर दिसला. सुपारी नव्हती, म्हणून आपला चोपड्या विकायला आलेला. डफ वाजवत होता, तोंड हलत होतं, पण आवाज येत होता तो लिंबावरून. त्याचाच आवाज त्याला दाबून टाकत होता. बायको चोपड्या छातीशी धरून उभी. एकही माणूस तिकडे फिरकत नव्हता. कोण म्हणत होतं गाणं वाजल्यानं काही कमी होत नाही? मीच म्हणत होतो.

आणि इकडे गाणं रंगात. पाणी जुवाला लागलं. कासरा तुटला. बाईनं लेकरू दोन्ही हातांनी वर धरलं. "बैलाचा पाय सुटला न् गाडी फिरली धारंला..." सगळं मैदान श्वास रोखून. डफाची थाप कडाडली आणि कर्ण्यातून आवाज आला:

"पुढलं चोपडीत हाय, पाव्हनं! घ्या चोपडी!"

त्याच्या पाठोपाठ, "ताजी वांगीऽऽ वांगी घ्या!" एक म्हैस ओरडली. चकती संपून फटफटायला लागली.

अहो, काय गोंधळ उडाला! बाजारात भरलेलं गाणं! त्याला शेवट असणार कुठून? पाथर्डीचा पोरगा पिशवी ठेवून चहाला गेलेला, भरलेलं परत कुणी ऐकून बघितलं नव्हतं, आणि आम्हां कुणाच्याच हे डोक्यात आलं नव्हतं. माणसं उठून उभी राहिली. "बाईचं काय झालं?" "लेकरू वाचलं का न्हाई?" पोरानं घाबरून चकती परत लावली, परत वांगी, परत म्हैस. एका म्हातारीनं तर टेबलाला काठी मारली, "मुडद्या, बाईला पान्यात सोडून कुठं चाल्लास!" मालकांनी कापूस काढला. "काय झालं? काय झालं?" मी सांगितलं आणि आम्ही दोघंही हसून हसून लोळायचे बाकी राहिलो.

थोरले पंच धापा टाकत आले. "तुमी चोपडी घेतलेली हाय. शेवट माहीत आसंल तुमाला. चला माईकवर, म्हना. पुढल्या सालापासनं जत्रा तुमचीच. शब्द देतो!"

मी मालकांना ढोसलं. जा ना, अहो जा ना!

"शेवट मला पाठ हाय," मालक म्हणाले.

"मंग चला की!"

"न्हाई. मी माझ्यापुरती घेतली हुती. ज्येचं हाय तो तिकडं बांगड्यापाशी हुबाय. त्येच्याकडं जावा."

जत्रेचं काम मालकांना पुढे कधीच परत मिळालं नाही, हे इथेच सांगून टाकतो. पंच रागानं लाल झाले होते. पण मैदान पेटलेलं, करतात काय? गेले. शाहीर आला. पंच म्हणाले, शेवट तेवढा म्हण. शाहीर म्हणाला, "नुसत्या शेवटाची सुपारी मी घेत न्हाई. घेतली तर अख्ख्या गान्याची." मैदानानं एकच गिल्ला केला. तिथल्या तिथे नारळ आणला, मानाची सुपारी दिली आणि शाहीर स्टेजवर चढला.

घोगरा आवाज, दम लागलेली छाती, बाजूला बायको. टेपवर ऐकलेलंच गाणं, पण आता ते जिवंत! गाडी धारेला फिरली आणि यावेळी तो थांबला नाही. तांबड्या बैलानं मान घालून गाडी काठाला ओढली, बाई वाचली, लेकरू वाचलं आणि बैल वाळूवर कोसळला. बाईनं त्याच्या गळ्यातली घंटा सोडून लेकराच्या गळ्यात बांधली. मैदानात हुंदके. आता राहिलं शेवटचं, नावाचं कडवं.

आणि मालक एकदम उठले. मला कळेना. माणसं तुडवत, ढकलत ते सरळ स्टेजखालच्या टेबलापाशी गेले. पाथर्डीच्या पोरानं सगळ्यांचं लक्ष नाही बघून गाणं परत भरायला मघाशीच टेपरेकॉर्डर चालू केला होता. चकत्या गरगर फिरत होत्या.

"इचारलं का त्येला?" मालक गरजले. माईक शेजारीच होता, सगळ्या जत्रेनं ऐकलं. शाहीर थांबला.

"न्हाई..." पोरगा पुटपुटला.

"मंग इचार!"

पोरानं खाली मान घालून विचारलं, "शाहीर... भरून घेऊ का?"

शाहिरानं घाम पुसला. त्या यंत्राकडं बघत राहिला. मग हसला. "घे की. लोकांला ऐकू दे. यंदा कुनाकडं चोपडीला पैसा न्हाई, ठावं हाय मला. निस्तं माझं नाव तोडू नको. बाकी काय बी द्यायचं न्हाई."

"काय बी न्हाई?" मालक ओरडले. "अवो शाहीर! फुकाट?"

"मालक," शाहीर शांतपणे म्हणाला, "मगा ह्यानं घेतलं हुतं. आता मी देतोय."

मालकांचं तोंड उघडंच राहिलं. ज्याच्यासाठी वर्षाचा धंदा घालवला, गावाचा रोष घेतला, बायकोचा अबोला सोसला, त्यानं भर मैदानात आपला माल हसत देऊन टाकला होता. मला वाटलं, आता हे काहीतरी भयंकर बोलणार. त्यांचे डोळे भरून आले होते. मग ते मैदानाकडे वळले आणि आपल्या त्या आवाजात ओरडले:

"गप ऱ्हावा समदी! खोकू बी नका! शाहीर देतोय!"

आणि पाथर्डीच्या पोराचा माईक दोन्ही हातांनी उचलून त्यांनी शाहिराच्या तोंडाशी धरला.